उजव्या हाताची दोन बोटं गेलेला प्रेस ऑपरेटर: कामावर परत घेताना नेमकं काय काय करावं?

प्रेसशॉप_भोसरी

भोसरीतलं प्रेसशॉप (प्रेस मशीनवर पत्र्याचे पार्ट कापून-दाबून काढणारं), ४५ माणसं. एक कायम ऑपरेटर, वय ३०, ई.एस.आय.मध्ये (राज्य कामगार विमा योजनेत) आहे. ६३ टनी की-क्लच प्रेसवर उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. कामाचा हात उजवाच. सहा आठवडे झालेत, टाके निघालेत, जखम वरून भरली आहे. ई.एस.आय.चं सर्टिफिकेट चालू आहे, फायनल (कामावर जायला तंदुरुस्त असल्याचं) अजून मिळालेलं नाही. रोजचं सरासरी वेतन ६०० रुपये.

मालकांचं म्हणणं: "हलकं काम द्या, गेटवर बसवा." कामगाराला गेट नको आहे. विचारायचं ते असं:

१) फायनलच्या आधी रोज दोन-चार तास बोलावलं तर चालतं का? घरी बसून माणूस खचतो, असं सगळेच म्हणतात.
२) ई.एस.आय.कडून दरमहा पैसे सुरू होणार, तर पगार तेवढा कमी करायचा का? मालकांनी विचारलंय.
३) असा हात असताना शॉपमधली कोणती कामं नीट होतात आणि कोणती होत नाहीत?
४) प्रेसवर परत उभं करावं का?

---

विमाफाईल

पहिल्याचं उत्तर नाही. फायनल सर्टिफिकेट हातात येईपर्यंत एक तासही कामाला लावू नका.

आत्ता त्याला तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असणार, सरासरी वेतनाच्या ९०%, म्हणजे रोजचे ५४० रुपये. ज्या दिवशी माणूस काम करतो किंवा पगारी रजेवर असतो, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही (ई.एस.आय. कायदा, कलम ६३). आपल्याकडे अर्ध्या दिवसाची सोयच नाही. अर्धा दिवस काम म्हणजे त्या दिवसाचा लाभ गेला. यात कारखाने दोन प्रकारे चुकतात. एक, "नुसतं बसून राहा" म्हणत बोलावतात आणि रोख काहीतरी देतात. त्या काळात पुन्हा काही लागलं तर मस्टरवर नसलेला माणूस मशीनजवळ काय करत होता, याचं उत्तर कोणाकडेच नसतं. दुसरी चूक चांगल्या मनाने होते: त्याची शिल्लक पगारी रजा त्या दिवसांत टाकून देतात. रजाही जाते आणि लाभही. मस्टरवर स्वच्छ "ई.एस.आय." असा शेरा मारा, त्याची रजा शिल्लक राहू द्या.

भेटायला, शॉप बघायला, पुढच्या कामाबद्दल बोलायला जरूर बोलवा. त्याला काही बंदी नाही, आणि खचण्यावरचा खरा उपाय तोच आहे. "तुझी जागा आहे, अमुक काम ठरतंय" हे सहाव्या आठवड्यात कळलेलं बरं.

आता अपघाताचा अहवाल, म्हणजे फॉर्म १२, काढून एकदा वाचा. बोट गेलं म्हणजे गंभीर इजा, ती लगेच कळवायची असते. पाळीची वेळ, मशीनचा क्रमांक, हजेरी आणि अहवाल यांचा मेळ बसतो ना, तेवढं बघा. अनेक ठिकाणी "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" असं लिहून ठेवतात. त्याने मालक सुटत नाही, फक्त चौकशी लांबते. काय घडलं ते सरळ लिहायचं: कोणता डाय, पार्ट हाताने भरत होते का, पेडल होतं की बटण.

फायनल मिळालं की ई.एस.आय.च्या मेडिकल बोर्डासाठी (कायम अपंगत्व किती टक्के ते हे ठरवतं) अर्ज लगेच करायला सांगा. दोन बोटं मुळापासून गेली तर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कमावण्याच्या क्षमतेची हानी २०% धरली आहे. मुळापासून गेली नसतील तर पेरानुसार आकडा बदलतो: तर्जनीचं एक पेर ९, दोन पेरं ११, पूर्ण १४, मधल्या बोटाचं ७, ९, १२. म्हणून हाड कुठपर्यंत गेलंय हे दाखवणारा एक्स-रे आणि ऑपरेशनचा कागद सोबत न्यायचा. नुसती जखम बघून पेर कमी लिहिलं जाऊ शकतं. निकाल पटला नाही तर कळल्यापासून तीन महिन्यांत अपील.

२०% कायम झाले तर ५४० चे २०%, म्हणजे रोज १०८, तीस दिवसांचे ३,२४०. प्रश्न दोन इथे सुटतो: हे पैसे तो कामावर असो वा नसो, मिळतच राहतात. मालकांनी ते पगारातून वळते करायचा प्रश्न नाही. बोटं त्याची गेली आहेत.

काढून टाकण्याबद्दल कोणी विचारलं नाही, पण विचारतील. लाभ चालू असताना काढणं, पायरी उतरवणं, शिक्षा करणं चालत नाही (कलम ७३). त्या काळात दिलेली नोटीस अवैध. सेवाशर्तींत तरतूद असेल तर सलग सहा महिने लाभ घेतल्यानंतर रीतसर नोटीस देऊन काढता येतं. क्षय, कुष्ठ, मानसिक आजार आणि कर्करोगाला ही मुदत १८ महिने. तुमचा माणूस बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच परत येईल, त्यामुळे ही वेळ यायला नको.

कलमांचे आकडे जुन्या ई.एस.आय. कायद्याचे लिहिलेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रम संहिता लागू झाल्यात, कलमांचे क्रमांक बदललेत. पत्र लिहिताना नवा क्रमांक पाहून घाला.

---

युनियनवाला_मिरज

एवढा घोळ कशाला? दिव्यांग कायदा २०१६, कलम २०. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढताच येत नाही, त्याच पगारावर दुसरी जागा द्यावी लागते. मालकाला कलम दाखवा.

---

विमाफाईल

कलम २०(४) सरकारी आस्थापनांसाठी आहे. एस.टी.च्या चालकाला, महापालिकेच्या माणसाला ते लागू होतं. पर्यायी पद नसेल तर जादा पद तयार करून ठेवावं लागतं. जुन्या १९९५ च्या कायद्यात हेच कलम ४७ होतं, आणि कुणाल सिंग प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेऊन पाय गमावलेल्या जवानाला नोकरीवर ठेवायला लावलं. भोसरीच्या खासगी प्रेसशॉपमध्ये हे कलम दाखवलं तर मालकांचा वकील पाच मिनिटांत उडवेल, आणि मग बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

खासगीला जे लागू आहे ते वेगळं: २० किंवा जास्त कामगार असतील तर समान संधी धोरण लिहून लावायचं आणि दिव्यांगांना जमतील अशा कामांची यादी त्यात द्यायची. ४५ माणसांच्या युनिटला हे लागू आहे. खाली जी कामांची यादी निघेल ती तशीच या धोरणात टाका.

आणखी एक गोंधळ टाळा. ई.एस.आय. बोर्डाचे २०% आणि दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी ही दोन वेगळी मोजमापं आहेत. दिव्यांगांच्या बऱ्याच सवलतींना ४०% लागतात, ते सरकारी रुग्णालयाच्या मोजणीने ठरतं. एका कागदावरून दुसरा मिळत नाही.

---

हातथेरपी

तिसऱ्या प्रश्नाच्या आधी हात तयार आहे का ते बघा. सहा आठवड्यांनी जखम बंद असते, पण थोटकाचं टोक हुळहुळं असतं. शर्टाची बाही घासली तरी झिणझिण्या येतात. अशा हाताने माणूस कामाला लागला की नकळत तो हात अंगाशी धरतो, सगळं डाव्याने करतो, आणि महिन्याभरात उजवा खांदा आखडतो, डावं मनगट दुखायला लागतं. मग सगळे म्हणतात, "याला काम जमत नाही."

टोक सरावायचा व्यायाम घरच्या घरी होतो. आधी कापूस, मग मखमल, मग टर्किशचा टॉवेल, असं खरखरीतपणा वाढवत थोटकावर घासायचं. एका भांड्यात तांदूळ घेऊन त्यात हात फिरवायचा. ते सोसायला लागलं की ज्वारी, मग हरभरे. दर वेळी पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. टेबलावर टोक हलकेच आपटायचं, जोर हळूहळू वाढवायचा. व्रणाला तेल लावून गोल चोळायचं. सूज असेल तर स्वतःलाच चिकटणारी लवचिक पट्टी टोकाकडून मुळाकडे गुंडाळायची, उलटी नाही.

एकाच ठिकाणी बोट ठेवलं की विजेसारखी कळ येत असेल आणि दोन महिन्यांनीही ती कमी होत नसेल, तर तिथे नसेची गाठ झालेली असू शकते. सर्जनकडे परत पाठवा, व्यायामाने ती जात नाही. गेलेलं बोट "आहे" असं वाटणं मात्र नेहमीचं आहे, त्याला वेड म्हणू नये.

थंडी हा मुद्दा सगळे विसरतात. असे हात थंडीत आणि गार पाण्यात ठणकतात, हे वर्ष-दोन वर्षंही चालू शकतं. डिसेंबरच्या पहिल्या पाळीला आणि कूलंटच्या कामाला त्रास होणार हे आधीच धरा.

आता पकड. हातोडीचा दांडा घट्ट धरण्याचं बरंच काम अनामिका आणि करंगळी करतात, ती दोन्ही शाबूत आहेत. त्यामुळे उचलणं, ओढणं, दांडा धरणं अपेक्षेपेक्षा बरं होतं. गेली ती चिमूट. आता चिमूट अंगठा आणि अनामिका यांची, ती कमजोर आणि सुरुवातीला चुकणारी. छोटे नट-वॉशर मुठीत धरले तर अंगठ्याच्या बाजूने गळतात. फायनलच्या आधी पकडमापकावर दोन्ही हातांची प्रत्येकी तीन मापं घेऊन सरासरी लिहून घ्या, महिन्याने परत घ्या. आकडा समोर असला की मालकांशी बोलणं सोपं जातं.

ई.एस.आय.च्या रुग्णालयात हाताची थेरपी मिळत नसेल तर मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे. दिसायला म्हणून सिलिकॉनची बोटं मिळतात. लग्नकार्यात घालायला ती छान, कामाला उपयोग नाही.

---

टूलरूम_१९

"हलकं काम" हा शब्द आधी पुसून टाका. त्याचा अर्थ प्रत्येक सुपरवायझर वेगळा लावतो आणि शेवटी ते झाडूवर येऊन थांबतं. शॉपमधली सगळी कामं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे सहा गोष्टी लिहा: किती किलो उचलावं लागतं, बारीक चिमूट लागते का, दोन्ही हात एकदम लागतात का, मशीनच्या वेगाने चालावं लागतं का, कंप आहे का, ओलं-गार आहे का.

पहिल्या तीन महिन्यांत चिमूट, कंप आणि गारवा यांपैकी एक जरी ज्यात आहे ती कामं बाद. म्हणजे ग्राइंडर, हाताने डीबरिंग (कापलेल्या कडेची धारदार कच, म्हणजे बर, काढणं), टॅपिंग (भोकात आटे पाडणं), बारीक असेंब्ली आत्ता नको. ड्रिल प्रेसही नको, कारण थोटकाला ऊब म्हणून तो हातमोजा घालेल आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा म्हणजे दुसरा अपघात.

जमणारी कामं, थोडा जुगाड करून:

लाइन इन्स्पेक्शन सगळ्यात चांगलं, कारण प्रेसवरच्या माणसाला बर कुठे येतो, पंच बोथट झाला की भोक कसं दिसतं, हे डोळ्याने कळतं. ते ज्ञान गेटवर बसवून वाया जातं. गेज हातात धरायला लावू नका. गो-नोगो प्लग (भोक मापात आहे की नाही ते दाखवणारा) स्टँडवर पक्का करा आणि पार्ट त्यावर आणा. मायक्रोमीटर स्टँडमध्ये लावला की एका हाताने रॅचेट फिरवता येतं. डायल गेजच्या फिक्स्चरला टॉगल क्लँप बसवा, तळहाताने दाबला की पार्ट धरला जातो. व्हर्नियर डाव्या हाताने वापरला तर साध्या स्केलवर आकडे उलटे दिसतात. डिजिटल घ्या, आणि डावखुऱ्यांसाठीचाही मिळतो.

पॅकिंग आणि डिस्पॅचही जमतं, मात्र बिन १५–२० अंश पुढे कलती ठेवा म्हणजे पार्ट चिमटीने न उचलता सरकवत घेता येतो. स्टोअरमध्ये मोजणी करण्याऐवजी वजनकाट्यावर नग काढा. पॅलेट ट्रक चालतो. हत्यारांचे दांडे जाड करायला पाइपवर लावतात ती फोमची नळी पुरते. बाहेरचा व्यास ३०–४० मि.मी. ठेवा, त्याहून जाड केलं तर अनामिकेला वेढा पुरत नाही. हातमोज्याची रिकामी बोटं कापून आतून न टोचेल असं शिवून घ्या. लोंबती बोटं कुठेतरी अडकतातच.

उत्पादनाचं टार्गेट पहिले दोन आठवडे ५०%, पुढचे दोन ७५%, आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण. दोन महिने ओव्हरटाइम आणि रात्रपाळी नको. इन्सेंटिव्ह असेल तर अपघाताआधीच्या तीन महिन्यांची सरासरी दोन महिने देत राहा, नाहीतर तो थोटूक सुजेपर्यंत नग काढेल. हे सगळं एका पानावर, तारखा घालून, तिघांच्या सह्यांनी: कामगार, सुपरवायझर, मालक. दर पंधरा दिवसांनी ते पान उघडायचं. तोंडी ठरलेलं सुपरवायझर बदलला की संपतं.

चौथा प्रश्न. त्याच प्रेसवर तर नाहीच, आणि हे फक्त त्याच्यापुरतं नाही. की-क्लच एकदा गुंतली की स्ट्रोक मध्ये थांबत नाही. तिथे लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावणं म्हणजे पैसे घालवणं. किरण तुटला तरी रॅम (पंच बसवलेला वरचा भाग) खाली येणारच. "दोन हातांची बटणं लावू" म्हणाल तर हिशेब करा. मिनिटाला ४५ स्ट्रोकच्या प्रेसला एक फेरा १.३३ सेकंदांचा. क्लचला गुंतायला एकच जागा असेल तर बटण दाबल्यापासून पंच खाली पोचेपर्यंत जास्तीत जास्त दीड फेरा, म्हणजे २ सेकंद. हाताचा वेग सेकंदाला १६०० मि.मी. धरतात. म्हणजे बटणं डायपासून ३.२ मीटरवर हवीत. एवढ्या लांब उभं राहून कोण पार्ट भरणार? अशा प्रेसला उपाय एकच, बंदिस्त गार्ड आणि आत सरकवणारी फीड, किंवा स्ट्रोक एवढा कमी की पंच-डायमधली फट ६ मि.मी.च्या वर जातच नाही. चिमटा आणि मॅग्नेट द्या, पण ते गार्डच्या जोडीला, गार्डऐवजी नाही. फूट पेडल ठेवणारच असाल तर त्यावर आच्छादन हवं. वरून पडलेल्या पार्टनेही पेडल दबतं.

हवेच्या क्लचची प्रेस असेल तर गोष्ट वेगळी. ती मध्येच थांबते. थांबायला ०.२५ सेकंद लागत असतील तर बटणं किंवा कर्टन डायपासून किमान ४०० मि.मी.वर, कर्टन असेल तर त्याच्या किरणांमधल्या अंतराप्रमाणे आणखी वाढ. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली तरच चालेल आणि दर स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतील अशी जोडणी हवी. नाहीतर एक बटण टेप लावून दाबून ठेवतात, हे तुम्हालाही माहीत आहे. अशा प्रेसवर चार-सहा महिन्यांनी, त्याची इच्छा असेल तर, तळहाताने दाबायच्या मोठ्या बटणांवर तो काम करू शकेल.

---

हातथेरपी

टूलरूम साहेबांच्या शेवटच्या ओळीला एक जोड. इच्छा आहे म्हणाला तरी आधी त्याला चालू प्रेसच्या बाजूला दहा मिनिटं उभं करून बघा. रॅमच्या आवाजाला हात झटकन मागे येणं, घाम, रात्री तेच स्वप्न, हे चालू असेल तर प्रेसची गोष्ट पुढे ढकला आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. दचकणारा ऑपरेटर स्वतःला आणि शेजारच्यालाही धोक्याचा.

---

प्रेसशॉप_भोसरी

फार उपयोगी. गेटचा विषय संपला, इन्स्पेक्शनचं बघतो. फायनल येईपर्यंत फिक्स्चर बनवून ठेवतो. मालकांनी आता वेगळंच विचारलंय: मेंटेनन्स फिटरचा पगार २४,००० आहे, तो ई.एस.आय.मध्ये नाही. त्याला असंच झालं असतं तर?

---

विमाफाईल

ई.एस.आय.च्या २१,००० च्या मर्यादेवर असल्याने तो कर्मचारी भरपाई कायद्यात (आता तोही सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय) येतो आणि पैसे मालकांच्या खिशातून जातात. हिशेब: वेतन कितीही असलं तरी १५,००० पर्यंतच धरतात. त्याचे ६०% म्हणजे ९,०००. वय ३० चा गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०, त्याचे २०% म्हणजे ३,७४,३६४ रुपये. शिवाय उपचाराचा खर्च, आणि तो घरी असेपर्यंत दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५%. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२% व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५०% पर्यंत दंड. ई.एस.आय.बाहेर जेवढी माणसं असतील त्यांच्यासाठी या कायद्याची विमा पॉलिसी घ्या. घेताना पॉलिसीत व्याज आणि उपचारखर्च धरलाय का ते बघा. दंड विमा कंपनी देत नाही.

---

हजेरीखिडकी

एक बारीक गोष्ट कोणी लिहिली नाही. हजेरीच्या मशीनवर बहुतेकांची उजवी तर्जनीच नोंदलेली असते. पहिल्या दिवशी मशीन त्याला ओळखणार नाही, गेटवर दहा जणांसमोर तमाशा होईल. तो भेटायला येईल तेव्हाच डाव्या हाताची दोन बोटं नोंदवून ठेवा.

आधारचंही तेच. रेशन दुकानात आणि बँकेत अंगठा चालला तर ठीक, नाहीतर आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यायला सांगा. गेलेली बोटं तिथे अपवाद म्हणून नोंदता येतात आणि डोळ्यांची नोंद वापरता येते. डाव्या हाताने सही करायला लागला असेल तर बँकेत नवी सही आधी द्यावी. ई.एस.आय.चे पैसे खात्यात येतात आणि सही जुळत नाही म्हणून काढता येत नाहीत, असं व्हायला नको. चेकबुक नसेल तर निदान ए.टी.एम. कार्ड चालू आहे का ते विचारा.